सर्व्हिस रीस्टार्ट करायला दरवेळी पासवर्ड कशाला?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार एकाच दुखण्याभोवती फिरतायत, म्हणून एकत्रच घेतली. कमांड नेहमीप्रमाणे उच्चारासारख्या देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून.

प्रश्न: आमची चार जणांची टीम आहे. एका लिनक्स सर्व्हरवर आमचं पायथन ॲप सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस म्हणून चालतं, नाव समजा 'गोदाम'. कोड बदलला की रीस्टार्ट लागतं आणि रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, फक्त माझ्याकडे, त्यामुळे रात्री अकरा वाजता पण "जरा रीस्टार्ट मार ना" म्हणून फोन येतो. सगळ्यांना सरसकट सुडो, म्हणजे रूट म्हणून कमांड चालवायची मुभा, द्यायची माझी हिंमत नाही. त्यांनी सुडोशिवाय रीस्टार्ट मारलं तर ॲडमिनचा पासवर्ड मागतो, आणि स्क्रिप्टमधून मारलं तर 'इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' म्हणून हात वर करतो. ही एकच सर्व्हिस बिनपासवर्डची कशी द्यायची?

उत्तर: द्यायची कशी ते सांगतेच, पण त्याआधी एक कमांड मारून बघा, सिस्टमसीटीएल शो -पी यूझर गोदाम.सर्व्हिस. उत्तरात 'यूझर=' च्या पुढे काहीच नसेल तर तुमचं ॲप रूट म्हणून चालतंय. आणि तसं असेल तर पुढचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही, कारण तुमची टीम ॲपचा कोड बदलू शकते, म्हणजे कोडमध्ये एक ओळ घुसवायची, रीस्टार्ट मारायचं, आणि ती ओळ रूट म्हणून चालली. तुम्ही फक्त रीस्टार्ट दिलं असं तुम्हाला वाटणार आणि प्रत्यक्षात अख्खं मशीन दिलेलं असणार. म्हणून आधी युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, यूझर= लिहून ॲपला स्वतःचा वेगळा साधा यूझर द्या, युनिट फाइल रूटच्याच मालकीची आहे ना ते बघा, मग परत या.

झालं? आता मागतं कोण पासवर्ड, ते बघू. सिस्टमसीटीएल स्वतः काही रीस्टार्ट करत नाही, तो फक्त डी-बसवरून (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती वाट) पीआयडी १ ला, म्हणजे खुद्द सिस्टमडीला, सांगतो की अमुक सर्व्हिस रीस्टार्ट कर. सांगणारा रूट असेल तर सिस्टमडी मुकाट्याने करतो. रूट नसेल तर तो पोलकिटला, म्हणजे परवानग्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो की बाबा याला करू देऊ का, आणि पोलकिटच्या डीफॉल्ट नियमात लिहिलंय की ॲडमिनचा पासवर्ड घे. समोर टर्मिनल असेल तर प्रश्न येतो, स्क्रिप्टमध्ये विचारायला कोणीच नसतं म्हणून ती इंटरॅक्टिव्हवाली एरर. म्हणजे दारं दोन आहेत. एक सुडो, जो तुम्हाला आधी रूट करतो आणि मग कमांड चालवतो, त्यामुळे पोलकिटचा संबंधच येत नाही. दुसरं म्हणजे पोलकिटलाच समजावणं की या माणसांना या सर्व्हिससाठी हो म्हण.

सुडोचं दार जुनं, १९८० च्या आसपासचं, आणि बहुतेकांना ओळखीचं. एक ग्रुप करा, समजा 'गोदामवाले', त्यात तिघांना टाका, मग सुडोच्या नियमांची, म्हणजे सुडोअर्सची, फाइल विसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/गोदाम अशी उघडून त्यात एवढीच ओळ:

%गोदामवाले ऑल = नोपासवर्ड: /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट गोदाम.सर्व्हिस

पाथ पूर्ण लिहायचा. आणि लक्षात घ्या, इथे अक्षरन् अक्षर जुळवलं जातं. ओळीत गोदाम.सर्व्हिस आहे आणि कोणी आळसाने नुसतं 'गोदाम' टाइप केलं तर सिस्टमसीटीएलला दोन्ही सारखंच असलं तरी सुडोला ते वेगळं, तो पासवर्ड मागणार. दोन्ही हवं असेल तर स्वल्पविराम देऊन दोन्ही लिहा. स्टॉप, स्टार्ट हवं असेल तर तेही एकेक करून.

इथेच लोकांना कंटाळा येतो आणि पूर्ण नावाच्या जागी चांदणी येते. 'रीस्टार्ट गोदाम*' असं लिहिलं की झालं ना सगळं? झालं, पण भलतंच झालं. सुडो सगळे आर्ग्युमेंट एका ओळीत जोडून मग चांदणी जुळवतो, आणि चांदणीला मधली स्पेसही चालते. म्हणजे 'रीस्टार्ट गोदाम.सर्व्हिस एसएसएचडी.सर्व्हिस' पण त्यात बसतं. त्याहून वाईट म्हणजे क्रियापदाच्या, म्हणजे 'रीस्टार्ट' या शब्दाच्या, जागी चांदणी, '* गोदाम.सर्व्हिस'. त्यात 'एडिट गोदाम.सर्व्हिस' येतं, एडिटने एडिटर रूट म्हणून उघडतो, आणि युनिटमध्ये एक्झेकस्टार्टला (सर्व्हिस कुठली कमांड चालवते ती ओळ) काय हवं ते लिहा, यूझर=रूट करा, कोण अडवणार? खरंच पॅटर्न लागत असेल, म्हणजे गोदाम@१, गोदाम@२ अशी पाच-दहा पिल्लं असतील, तर सुडो १.९.१० पासून, म्हणजे २०२२ पासून, सुडोअर्समध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नेमका नमुना सांगणारी चिन्हभाषा) लिहिता येतात, ते वापरा, चांदणी नको.

आणखी एक खोड म्हणजे सोबत 'स्टेटस' पण देऊन टाकायची. बघणंच तर आहे, असं वाटतं. पण स्टेटसचं आउटपुट लांब असलं की ते लेस नावाच्या पेजरमध्ये उघडतं, आणि लेसमध्ये उद्गारचिन्ह मारून शेल मिळतं. सुडोखाली चाललेला लेस, म्हणजे शेल कोणाचं, रूटचं! सिस्टमडी २४७ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये हे सर्रास चालायचं, त्याला पुढे २०२३ मध्ये सीव्हीई नंबरही (सुरक्षेतल्या दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) मिळाला. गंमत अशी की स्टेटसला रूट मुळात लागतच नाही. साध्या यूझरने मारलं तरी सर्व्हिस चालू आहे का बंद ते दिसतं, फक्त खालच्या लॉगच्या ओळी दिसत नाहीत, आणि त्या हव्या असतील तर त्या तिघांना सिस्टमडी-जर्नल ग्रुपमध्ये टाका. त्यांना एकदा लॉगआउट होऊन परत यायला सांगा, नाहीतर ग्रुप लागत नाही आणि मग परत तुम्हालाच फोन. एवढं मात्र माहीत असू द्या की या ग्रुपमध्ये गेलेल्याला सगळ्या सिस्टिमचे लॉग वाचता येतात, फक्त गोदामचे नाही.

विसुडोच का, साधा एडिटर का नाही, तर मी भोगलंय म्हणून. एका जुन्या नोकरीत घाईघाईत सुडोअर्स सरळ व्हीआयमध्ये उघडली, नोपासवर्डनंतरचा कोलन राहिला, सेव्ह केली. त्या क्षणापासून सुडो प्रत्येक कमांडला 'पार्स एरर' म्हणून सगळ्यांनाच नाही म्हणायला लागला, मलाही, आणि रूटचा पासवर्ड त्या मशीनला कधी ठेवलेलाच नव्हता. वाचले ते केवळ शेजारच्या सहकाऱ्याच्या एका टर्मिनलमध्ये सकाळपासून रूटचं शेल उघडं होतं म्हणून. त्याला "हलू नको, काहीही बंद करू नको" असं ओरडत गेले ते अजून टीममध्ये सांगतात. विसुडो सेव्ह करताना व्याकरण तपासतो आणि चूक असेल तर विचारतो. तरीही मी आजपण बदल करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट उघडं ठेवते आणि काम नीट चाललं हे बघूनच बंद करते.

आता दुसरं दार. पोलकिटमध्ये /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये एक फाइल टाकायची, नाव समजा ५०-गोदाम.रूल्स, आणि आत जावास्क्रिप्ट. हो, जावास्क्रिप्टच, मलाही पहिल्यांदा वाचून हसू आलं होतं. पोलकिट.ॲडरूल ला एक फंक्शन द्यायचं, त्या फंक्शनला दोन गोष्टी मिळतात, ॲक्शन म्हणजे काय करायचंय आणि सब्जेक्ट म्हणजे कोणाला करायचंय. आत एकच इफ, त्यात चार अटी ॲण्डने जोडलेल्या:

ॲक्शन.आयडी == "ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.सिस्टमडी१.मॅनेज-युनिट्स"
ॲक्शन.लुकअप("युनिट") == "गोदाम.सर्व्हिस"
ॲक्शन.लुकअप("व्हर्ब") == "रीस्टार्ट"
सब्जेक्ट.इजइनग्रुप("गोदामवाले")

चारही खऱ्या असतील तर रिटर्न पोलकिट.रिझल्ट.येस. नसतील तर काहीच रिटर्न करायचं नाही, मग पोलकिट पुढच्या नियमाकडे जातो आणि शेवटी डीफॉल्टवर. आता टीममधलं कोणीही सुडो न लावता सिस्टमसीटीएल रीस्टार्ट गोदाम मारेल आणि ते गपगुमान होईल. इथे .सर्व्हिस लावलं काय नि नाही काय, फरक पडत नाही, कारण पोलकिटपर्यंत पूर्ण नावच पोचतं.

या चार अटींमधली दुसरी कधीही गाळू नका. नेटवर अर्धवट नमुने फिरतात ज्यात फक्त पहिली आणि चौथी अट असते, आणि ते 'चालतं' म्हणून लोक वापरतात. पण मॅनेज-युनिट्स ही एकच ॲक्शन सगळ्या सर्व्हिसेसना लागू आहे, आणि सिस्टमडी-रन नावाची कमांड त्याच ॲक्शनखाली नवीन तात्पुरती सर्व्हिस तयार करून कुठलीही कमांड रूट म्हणून चालवते. म्हणजे युनिटची अट नसलेला नियम म्हणजे बिनपासवर्डचं रूट, सरळ सरळ. व्हर्बची अट गाळली तर इतकं आभाळ कोसळत नाही, पण मग स्टॉप, किल, मेमरीची मर्यादा बदलणं असं सगळंच त्यांना मिळतं.

एनेबल-डिसेबल (मशीन सुरू होताना सर्व्हिस आपोआप उठावी की नाही) पण द्यायचं का असं तुमच्या मनात येईल, तर नको. त्याची ॲक्शन वेगळी, मॅनेज-युनिट-फाइल्स, आणि तिथे युनिटचं नाव नियमापर्यंत येतच नाही, त्यामुळे एका सर्व्हिसपुरतं बांधता येत नाही. ते काम वर्षातून एकदा असतं, तुम्हीच करा.

फाइलच्या नावावरून दोन्ही दारांत उलटसुलट घोळ होतो तो सांगून ठेवते. सुडोअर्स.डी मध्ये नावात टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही, गोदाम.कॉन्फ असं नाव दिलं की बसा शोधत. आणि पोलकिटमध्ये शेवटी .रूल्स नसेल तर तो वाचत नाही. एकाला टिंब चालत नाही, दुसऱ्याला टिंबाशिवाय चालत नाही! शिवाय पोलकिटचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) स्वतः रूट नसतो, त्याचा वेगळा पोलकिटडी यूझर असतो, तेव्हा फाइल फक्त रूटलाच वाचता येईल अशी ठेवलीत तर नियम लिहूनही नसल्यासारखा. जर्नलसीटीएल -यू पोलकिट मारलंत की व्याकरणाची चूक असो वा वाचता न येणं, तिथे ओळ दिसते. डीमन रीस्टार्ट करायची गरज नाही, फाइल बदलली की तो आपणहून परत वाचतो.

कुठलं निवडू? तुमच्याकडे एक सर्व्हर, एक सर्व्हिस, एक क्रियापद. मी सुडोची एक ओळ लिहून मोकळी झाले असते. उद्या कोणी नवीन ॲडमिन आला तर सुडो -एल -यू (हे यू कॅपिटल) आणि पुढे यूझरचं नाव मारून त्याला लगेच दिसतं त्या माणसाला काय दिलंय, आणि प्रत्येक वापर लॉगमध्ये नावासकट पडतो. पोलकिट तेव्हा घ्या जेव्हा एखादं टूल किंवा डेस्कटॉपचं बटण सुडो न लावता थेट सिस्टमडीशी बोलतं आणि तुम्ही ते बदलू शकत नाही. स्क्रिप्टमध्ये सुडो वापरताना -एन लावा, म्हणजे कधी पासवर्ड लागलाच तर स्क्रिप्ट वाट बघत लटकणार नाही, लगेच फेल होईल.

प्रश्न: मी पोलकिटचा नियम अगदी असाच लिहिला, फाइलचं नाव बरोबर, परवानग्या बरोबर, पण काहीच फरक नाही, पासवर्ड मागतोच. मशीनवर उबुंटू २२.०४ आहे.

उत्तर: तुमची चूक नाही. जावास्क्रिप्टचे नियम पोलकिट ०.१०६ पासून आले, २०१२ मध्ये, पण डेबियन आणि उबुंटूवाले बरीच वर्षं ०.१०५ वरच अडून बसले. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ दोन्हीकडे जुनंच आहे, नवीन आहे ते डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ मध्ये. जुनं पोलकिट रूल्स.डी कडे ढुंकूनही बघत नाही, त्याच्या .पीकेएलए नावाच्या वेगळ्या फाइली असतात आणि त्यात युनिटचं नाव तपासायची सोयच नाही, म्हणजे दिलं तर सगळ्या सर्व्हिसेस द्याव्या लागतात. वर सांगितलेलं सिस्टमडी-रनचं प्रकरण आठवा. तुमच्यासाठी सुडो, दुसरा विचार करू नका. पीकेॲक्शन --व्हर्जन मारलं की कुठलं पोलकिट आहे ते कळतं.

प्रश्न: नोपासवर्ड लिहूनही पासवर्ड विचारतो. ओळ सुडोअर्समध्येच आहे, वर, सगळ्यात आधी लिहिलीय.

उत्तर: आधी लिहिलीय हाच घोळ. सुडोअर्समध्ये जुळणाऱ्या ओळींपैकी शेवटची चालते. तुमचा यूझर सुडो किंवा व्हील ग्रुपमध्ये असणार, त्या ग्रुपची 'सगळं चालेल, पासवर्ड देऊन' वाली ओळ तुमच्या ओळीच्या खाली आहे, ती जिंकते. तुमची ओळ तिथून काढून सुडोअर्स.डी मधल्या फाइलमध्ये टाका, त्या फोल्डरचा उल्लेख बहुतेक ठिकाणी सुडोअर्सच्या अगदी शेवटी असतो त्यामुळे आपोआप नंतर वाचलं जातं. पोलकिटमध्ये नेमकं उलटं, नावाच्या क्रमाने फाइली वाचतो आणि जो नियम पहिल्यांदा उत्तर देतो तो जिंकतो. दोन्ही वापरणारी माणसं का चिडचिडी असतात ते आता कळलं असेल.

प्रश्न: माझ्याकडे रूट नाहीच, मिळणारही नाही. माझा एक छोटा बॉट आहे, तो सिस्टमसीटीएल --यूझर ने सर्व्हिस म्हणून चालवते. छान चालतो, पण मी एसएसएचमधून बाहेर पडले की थोड्या वेळात मरतो, आणि सर्व्हर रीबूट झाला की उठतच नाही. एनेबल केलेला आहे.

उत्तर: खरं तर पहिल्या पत्रातल्या मंडळींनीही हा रस्ता आधी बघायला हवा, कारण ॲपला रूटचं काहीच लागत नसेल तर ते सिस्टिम सर्व्हिस कशाला? यूझर सर्व्हिस म्हणजे तुमची स्वतःची सिस्टमडी, फाइली तुमच्या होममध्ये .कॉन्फिग/सिस्टमडी/यूझर मध्ये, स्टार्ट-स्टॉप-एनेबल-एडिट सगळं तुमचं, कोणी पासवर्ड विचारत नाही कारण विचारण्यासारखं काही नाहीच.

मरतो कारण तुमचं शेवटचं सेशन संपलं की तुमची ती सिस्टमडी पण आवरून झोपते. तिला जागं ठेवायला लिंगर लागतं, लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर आणि पुढे यूझरचं नाव. काही ठिकाणी ही कमांड स्वतःसाठी मारता येते, नाही आली तर ॲडमिनला एकदाच मारायला सांगा, रूट मागण्यापेक्षा हे मागणं फार सोपं आहे, तो कशाला नाही म्हणेल. लागलं की नाही हे बघायचं तर /व्हार/लिब/सिस्टमडी/लिंगर मध्ये तुमच्या नावाची एक रिकामी फाइल दिसते, बस तेवढंच असतं ते.

रीबूटनंतर उठत नाही त्याचं एक कारण तेच लिंगर, आणि दुसरं मी पैजेवर सांगते की तुमच्या युनिटमध्ये वाँटेडबाय=मल्टी-यूझर.टार्गेट लिहिलंय. कुठल्या तरी सिस्टिम सर्व्हिसच्या नमुन्यावरून उचललं की ही ओळ तशीच येते. यूझर सिस्टमडीत मल्टी-यूझर नावाचं टार्गेट नसतंच, तिथे डीफॉल्ट.टार्गेट लिहायचं. आधी डिसेबल करा, मग ओळ बदला, मग परत एनेबल, या क्रमाने, म्हणजे जुनी लिंक मागे राहत नाही.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं) किंवा एसयू करून (दुसरा यूझर होऊन) आल्यावर 'फेल्ड टू कनेक्ट टू बस' असं म्हणाला तर घाबरू नका, एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर हे व्हेरिएबल सेट नसतं म्हणून तसं होतं, त्याला /रन/यूझर/ आणि तुमचा यूआयडी नंबर द्या. आणि बॉटला १०२४ च्या खालचा पोर्ट लागत असेल तर हे सगळं करूनही तो मिळणार नाही, वरचा एखादा घ्या, ८०८० घ्या, आणि पुढे प्रॉक्सी लावायचं काम ॲडमिनकडे द्या.